सिर बचाओ जी! चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये बच्चेकंपनीसोबत तीन दिवस

सिमला-मनालीच्या मराठी सहलींच्या पत्रकात चंदीगडच्या वाट्याला एक ओळ येते: 'रॉक गार्डन, सुखना लेक पाहून पुढे प्रस्थान.' बस रॉक गार्डनच्या, म्हणजे टाकाऊ सामानातून रचलेल्या दगड-पुतळ्यांच्या बागेच्या, फाटकाशी थांबते, पाऊण तासात परत या असं बजावलं जातं आणि मंडळी अरुंद वाटांमधून पुढच्याची पाठ बघत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात. पाऊण तासात बाहेर पडता येतं, खोटं नाही. पण दहा वर्षांखालची मुलं बरोबर असली तर तेवढ्यात पहिला टप्पाही धड होत नाही. मुलं दर चार पावलांवर थांबतात, आणि थांबावं अशीच ती जागा बांधलेली आहे.

म्हणून उलटं गणित मांडलं: चंदीगडला तीन दिवस, त्यात रॉक गार्डन दोनदा, सिमल्याला रजा. दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. चार ते नऊ वयाची पाच मुलं आणि चार मोठी माणसं. हे प्रमाण कशाला सांगितलं ते पुढे कळेल.

हंगामाचं आधी बोलून घेऊ, कारण तिथेच निम्मी सहल ठरते. मे-जूनच्या सुट्टीत पारा चाळीसच्या वर असतो, आणि रॉक गार्डन म्हणजे चहूबाजूंनी दगड आणि सिमेंट. अकराच्या पुढे मुलं हैराण होतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर धुकं, गाड्या तासन्‌तास उशिरा. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हवेला सुखद, पण त्याच सुमारास पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळतात आणि आकाश राखाडी होतं. मुलाला दम्याचा किंवा सतत खोकल्याचा त्रास असेल तर दिवाळीचा मोह सोडून फेब्रुवारी-मार्च गाठावा. आम्हाला तिसऱ्या आठवड्यातही सकाळी हलका धूर दिसलाच. दहानंतर विरळ झाला.

पहिला दिवस: सेक्टरांची बेरीज आणि सुखना

दिल्लीहून सकाळच्या शताब्दीनं साडेतीन तासांत चंदीगड. स्टेशन शहराच्या एका कडेला, पंचकुल्याच्या बाजूला आहे. मुक्काम सेक्टर 22 मध्ये, कारण तिथे मध्यम दराची हॉटेलं, औषधांची दुकानं आणि रात्री दूध मिळण्याची सोय हे सगळं चालत्या अंतरावर आहे.

मुलांना हे शहर पहिल्या तासाभरात कंटाळवाणं वाटतं. सरळ रस्ते, गोल चौक, पुन्हा सरळ रस्ते. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदानं आखलेलं हे शहर म्हणजे चौकटीची वही. पण रिक्षात बसल्या बसल्या त्यांना एक कामगिरी देता येते. जुन्या भागात उत्तर-दक्षिण दिशेनं एकमेकांना लागून असलेल्या सेक्टरांच्या आकड्यांची बेरीज करायची. 22 आणि 17: एकोणचाळीस. 17 आणि 9: सव्वीस. 9 आणि 4: तेरा. प्रत्येक वेळी तेराच्या पाढ्यातला आकडा येतो, आणि गंमत म्हणजे मूळ आराखड्यात 13 नंबरचा सेक्टरच ठेवलेला नव्हता. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरलं. सेक्टर 22 पासून तळ्यापर्यंत एकदाही 'अजून किती वेळ' आलं नाही.

दुपारी चारला सुखना तलाव. रॉक गार्डन पहिल्याच दिवशी उरकायचा मोह होतो, तो टाळावा. प्रवासानं आंबलेली मुलं दुपारी त्या दगडी बोळांत नेली की तासाभरात रडारड. त्यांना आधी मोकळं पळू द्यावं, आणि सुखनाकाठचा लांबलचक पदपथ त्यासाठीच असल्यासारखा आहे. तिथे वाहनांना बंदी आहे.

तलाव मानवनिर्मित आहे. शिवालिक टेकड्यांतून पावसाळ्यात उतरणाऱ्या सुखना चोवर 1958 मध्ये बांध घालून तो केला. चो म्हणजे एरवी कोरडा आणि पावसात धावणारा ओहोळ. हा शब्द मुलांना आजच सांगून ठेवावा, उद्या लागतो. पाण्यापलीकडे टेकड्यांची निळसर रांग दिसते.

पायानं चालवायच्या नावा दोघांच्या आणि चौघांच्या मिळतात. इथे हमखास फसगत होते ती अशी: आठ-नऊ वर्षांच्या मुलाचेही पाय पॅडलपर्यंत नीट पोचत नाहीत. तो सीटच्या टोकाला सरकतो, लाइफ जॅकेट गळ्याशी येतं आणि नाव गोल गोल फिरू लागते. चौघांची नाव घ्यावी, पॅडलवर दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं. जॅकेटचा खालचा पट्टा मांड्यांमधून घेता येत असेल तर घ्यावाच, नसेल तर कमरेचा पट्टा ओढून बघावा. रांग सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास सर्वात लांब असते. चारलाच गेलं तर पाच मिनिटांत नंबर लागतो.

नोव्हेंबरात साडेपाचच्या आत सूर्य बुडतो आणि मग गारठा एकदम अंगावर येतो. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरणाऱ्या मुलांना सहाला स्वेटर आणि कानटोपी लागते. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बाबतीत हे पालकांच्या ध्यानात राहत नाही, आणि रात्री नाक गळायला लागतं.

बाहेर गाडीवर शकरकंदी. निखाऱ्यांत भाजलेलं रताळं सोलून, तुकडे करून वर लिंबू आणि मसाला. उपासाचा रताळ्याचा कीस नाक मुरडून खाणाऱ्यांनी दोन-दोन द्रोण संपवले. गाडीवाल्याला 'बिना मसाला' सांगितलं की तो फक्त मीठ-लिंबू लावून देतो. मुलं कुठून आली हे त्यानं विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाला, "तो कल नेकचंद के यहाँ जाओगे." नेकचंद म्हणजे ती बाग रचणारा माणूस. रॉक गार्डन हा शब्दच त्यानं वापरला नाही.

दुसरा दिवस: किल्ला

सकाळी नऊला फाटक उघडतं तेव्हा हजर राहायचं. साडेदहानंतर शाळांच्या सहली यायला लागतात आणि पुढचे सगळे बोळ तुंबतात. तिकीट नाममात्र आहे.

तिकीट काढायच्या आधी तीन कामं. एक, सगळ्या मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणणं. दोन, पाण्याच्या बाटल्या भरून घेणं. तीन, बाबागाडी हॉटेलवर ठेवून येणं. फाटकापर्यंत आणलीच असेल तर आत नेऊ नये. कारण असं की आतली वाट एकेरी आहे. बाणांमागून जायचं, परत फिरायची सोय नाही; मागून माणसांचा ओघ येत असतो आणि कित्येक ठिकाणी वाट एकाच माणसाच्या रुंदीची. पायऱ्या उंचसखल आहेत, उंबरे आहेत, वळणं काटकोनी आहेत. बाबागाडी पहिल्या दहा मिनिटांत दुमडावी लागते आणि मग पुढचे दोन तास ती कडेवरच्या बाळासारखी वागवावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला झोळीत किंवा पोटाशी बांधायच्या पिशवीत न्यावं. पायांत चपला नकोत, मागे पट्टा असलेले बूट हवेत.

या एकेरी वाटेमुळे एक सोय मात्र होते: इथे हरवता येत नाही. बाहेरून भुलभुलैया वाटतो, प्रत्यक्षात ते एकच लांब आतडं आहे, वळसे घेत जाणारं. पुढे पळालेलं मूल पुढच्या चौकातच सापडतं. म्हणून नियम साधा ठेवला होता: एक मोठं माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, दोघं मध्ये, आणि प्रत्येक चौकात पोचलं की सगळे जमेपर्यंत थांबायचं. चारास पाच हे प्रमाण इथे उपयोगी पडलं. दोन मोठ्यांना तीन मुलं जमतात. एकट्यानं दोन मुलांना नेणं म्हणजे कसरत.

पहिला दरवाजा येतो आणि तिथला रखवालदार बसल्या जागेवरून म्हणतो, "सिर बचाओ जी." दरवाजा मोठ्या माणसाच्या छातीइतका. आतल्या बऱ्याच कमानी अशाच ठेंगण्या आहेत. हे राजाचं राज्य आहे आणि राजाच्या दरबारात वाकून शिरायचं, म्हणून नेकचंदांनी दारं बुटकी ठेवली असं सांगतात. चार वर्षांची मुलगी ताठ मानेनं आत गेली, मागोमाग तिचे बाबा कमरेत वाकून. तिला ते फार आवडलं. पुढच्या प्रत्येक दारापाशी ती आधी आत जाऊन, वळून, मोठी माणसं वाकतात का ते बघत उभी राहायची.

या दारांपाशीच सर्वांत जास्त टक्कर होते आणि ती मोठ्यांची नसते. कंटाळलेल्या पोराला बाप खांद्यावर घेतो, दार आल्यावर सवयीनं स्वतःपुरता वाकतो, आणि वरच्याचं कपाळ कमानीवर. त्या सकाळी समोरच दोनदा असं झालं, दोन वेगवेगळ्या कुटुंबांत. खांद्यावर घेऊच नये. दमलं तर कडेवर.

पहिल्या टप्प्यात पुतळे कमी, दगड जास्त. छोट्या छोट्या चौकांत, उंचवट्यांवर मांडलेले नदीतले गोटे: कुणी पक्ष्यासारखा, कुणी बसलेल्या माणसासारखा. नेकचंदांनी हे दगड घग्गर, सुखना चो, पतियाळी की राव अशा ओहोळांतून वेचून सायकलवर लादून आणले. काल शिकलेला 'चो' इथे कामाला आला. मोठी माणसं हा भाग दोन मिनिटांत ओलांडतात. मुलांना मात्र 'हा कोण?' एवढंच विचारावं. उत्तरं संपत नाहीत. एका गोट्यात तिघांना तीन प्राणी दिसले आणि भांडण लागलं.

भिंती बघायला विसरू नये. कुठे गोणपाटाची वीण सिमेंटवर उमटलेली दिसते, कारण सिमेंटचं मिश्रण गोणीत भरून तसंच घट्ट होऊ दिलेलं. कुठे डांबराच्या पिंपांचा साचा केल्याच्या गोल रेघा. कुठे एकावर एक रचलेले मातीचे माठ. कुठे जळून वेड्यावाकड्या झालेल्या खंगर विटा आणि भट्टीतली मळी. नऊ वर्षांच्या मुलानं पोर्सेलिनच्या फ्यूजची अख्खी भिंत ओळखली नाही. त्यानं असला फ्यूज कधी पाहिलाच नव्हता. सत्तरीच्या एका सरदारजींनी थांबून त्याला बोटानं दाखवलं, तार कुठून आत जायची आणि वितळली की घरात अंधार कसा व्हायचा.

आता नेकचंदांची गोष्ट. ती मुलांना आतच, चालता चालता सांगावी, कारण ती मुळात चोरून खेळल्याची गोष्ट आहे. नेकचंद सैनी 1924 मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातल्या एका खेड्यात जन्मले. फाळणीत घर सुटलं. पुढे नवं चंदीगड उभं राहत होतं तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रस्त्यांच्या कामावर निरीक्षक होते. नवं शहर उभारण्यासाठी जुनी खेडी उठवली होती. त्यांचा मलबा, फुटकी भांडी, मोडक्या सायकली पडून होत्या. 1958 च्या सुमारास त्यांनी ते गोळा करायला घेतलं आणि सुखनाजवळच्या जंगलातल्या एका घळीत, जिथे काही बांधायला सरकारची मनाई होती, तिथे नोकरी सुटल्यावर संध्याकाळी आणि रात्री आपलं राज्य रचायला सुरुवात केली. उजेडाला जुने टायर पेटवायचे. वर्षानुवर्षं हे कुणाला ठाऊक नव्हतं. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा बारा एकरांवर पसारा झाला होता. बेकायदा होता, पाडायचाच होता. पण लोकांनी तो पाहिला आणि 1976 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार मिळाला, हाताखाली पन्नास मजूर मिळाले. 1984 मध्ये पद्मश्री. आज ही बाग सुमारे 40 एकरांची आहे. 2015 मध्ये ते गेले.

"म्हणजे सरकारला न सांगता?" हा प्रश्न पाचही मुलांनी विचारला, आणि सहा वर्षांच्यानं तो तीनदा विचारला.

दुसऱ्या टप्प्यात वाट एकदम घळीत उतरते. दोन्ही बाजूंना उंच कडे, वरून धबधबे, झाडांची लोंबती मुळं. त्यातली काही मुळं खरी आणि काही सिमेंटची. हात लावल्याशिवाय कळत नाही. पाणी पंपानं फिरवलेलं आहे, त्यामुळे कधी धार जोरात असते, कधी नुसती ठिबकते. धबधब्याच्या पायथ्याशी फरशी कायम ओली आणि शेवाळलेली. सगळं जग तिथेच थांबून फोटो काढतं, ओघ अडतो आणि मुलं ढकलली जातात. फोटो काढायचाच तर धबधबा ओलांडून वर चढल्यावर, वळून काढावा. धबधबा पूर्ण येतो, माणसं कमी येतात आणि पायाखाली कोरडं असतं.

आणि मग, घळीतून वर आल्यावर, पुतळे. शेकड्यांनी. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी ओळीत उभे: बाया, पुरुष, वादक, माकडं, अस्वलं, बदकं, मोर. पहिल्या मुलीच्या तोंडून निघालेला शब्द होता "किल्ला!" दोन आठवड्यांपूर्वी अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेले, अळीव पेरलेला. त्यांना हे लगेच कळलं. इथेही तसंच आहे. डोंगर स्वतः रचायचा, मग त्यावर सैन्य मांडायचं. सगळे समोर तोंड करून, सगळे एका मापाचे. मोठ्या माणसाच्या कमरेइतके. उभ्यानं पाहिलं तर नुसती गर्दी दिसते. गुडघ्यावर बसून पाहिलं की ते सगळे आपल्याकडे बघत असतात.

एकच पुतळा नीट पाहावा. बांगड्यांच्या काचेची बाई. तिचा घागरा म्हणजे हिरव्या, लाल, निळ्या बांगड्यांचे तुकडे, ओल्या सिमेंटात एकाशेजारी एक दाबलेले. प्रत्येक तुकडा मूळचा गोल असल्यामुळे जरासा कमानदार. ते कमानीत कमान बसवत लावलेत, म्हणून घागऱ्याला घोळ आल्यासारखा दिसतो. चेहरा मात्र साधा, सिमेंटचा, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. शेजारच्या पुरुषाचा अंगरखा फुटक्या कपबश्यांचा. एका छातीवर अर्धं फूल आहे, कुठल्या तरी बशीवरचं. जनावरांच्या आत बऱ्याचदा सायकल असते. सीट म्हणजे डोकं, फोर्क म्हणजे पाय, सांगाडा म्हणजे धड, आणि वर सिमेंट-वाळूचे थर. हे सांगितल्यावर मुलं प्रत्येक प्राण्यात सायकल शोधायला लागली आणि तिथे अर्धा तास गेला.

पुतळ्यांना हात लावायचा नाही, आणि त्याचं कारण मुलांना नियम म्हणून सांगण्यापेक्षा खरं सांगावं: ती काच आहे, चिनीमाती आहे. कडा बोथट केल्या आहेत, पण ऊन-पावसानं कुठे सिमेंट सुटलं की धार उघडी पडते. पिशवीत चिकटपट्टी असू द्यावी. मोजायचा खेळ द्यावा. पाच वर्षांखालच्यांना 'बदकं किती?', मोठ्यांना 'एकसारखे दोन चेहरे शोध'. दुसरं वाटतं तेवढं सोपं नाही. मोजणारे हात मागे बांधून उभे राहतात, हा फायदा वेगळा.

इथपर्यंत दोन तास झाले होते आणि तिसरा टप्पा उरला होता. तो मोकळा आहे: उंच कमानींची रांग, कमानींतून साखळ्यांना टांगलेले झोके, खुलं रंगपीठ, हसवणारे आरसे, छोटं मत्स्यालय, खाण्याचे स्टॉल. भिंतींवर फुटक्या टाइल्सची नक्षी. मुलं इथे पोचली की आधीचा सगळा थकवा विसरतात. झोके मात्र मोठ्यांच्या मापाचे आहेत. फळी उंच, झोका लांब, आणि शेजारच्या झोक्याशी अंतर बेताचं. सहा वर्षांखालच्यांना मांडीवर घेऊन बसावं, आणि झोक्यांच्या समोरून कुणाला पळू देऊ नये. लांब झोका परत येतो तो डोक्याच्या उंचीवर. या टप्प्याच्या बाजूची भिंत 2025 मध्ये हायकोर्टाकडचा रस्ता रुंद करण्यासाठी काही भागात पाडली गेली. त्यावरून शहरात बराच आवाज उठला. 1990 च्या आसपास रस्त्यासाठीच बुलडोझर आले होते तेव्हा लोक हातात हात घालून आडवे उभे राहिले होते. या वेळी तसं जमलं नाही.

कापडी बाहुल्यांचं छोटं दालन चुकवू नये. चिंध्यांपासून केलेली माणसाएवढी माणसं, जनावरं. तिथे अंधूक उजेड आहे आणि लहानगी थोडी बिचकतात. चार वर्षांचीनं दारातूनच माघार घेतली. आग्रह करू नये.

एकूण साडेतीन तास. जेवायला राजमा-चावल. पंजाबात मुलांच्या पोटाचा आधार हाच: वरणभाताच्या सवयीला सर्वात जवळचा आणि तिखट बेताचा. कढी-चावल मागवताना सावध राहावं. आपल्या पातळ, गोडसर कढीच्या अपेक्षेनं मागवलं तर दाट पिवळी कढी येते, आत भजी बुडालेली. मोठ्यांना आवडली, मुलांनी भजी काढून खाल्ली आणि कढी तशीच ठेवली. लस्सीचा एक पेला तीन मुलांना पुरतो.

तिसरा दिवस: उघडा हात आणि पुन्हा तेच दार

सकाळी पराठा आणि लोण्याचा गोळा. दहाला कॅपिटॉल कॉम्प्लेक्स. हायकोर्ट, विधानसभा आणि सचिवालयाचा हा परिसर 2016 पासून जागतिक वारसा आहे. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. सेक्टर 1 मधल्या पर्यटन केंद्रावर मोठ्यांचं ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, म्हणून आधार कार्ड बरोबर हवं. खरं सांगायचं तर सात वर्षांखालच्या मुलांना इथे आणू नये. लांबच लांब मोकळी सिमेंटची पटांगणं, सावली नाही, पळायला मनाई. फक्त एक गोष्ट त्यांना पकडून ठेवते: 26 मीटर उंचीचं 'ओपन हँड' हे शिल्प. धातूचा तो प्रचंड पंजा पन्नास टनांचा आहे आणि वाऱ्यानं फिरतो. त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हता. तरी मुलं वर बघत बसली आणि मध्येच एक ओरडला, "हलला!" बाकीच्यांना पटलं नाही.

त्यानंतर गुलाबबाग किंवा पिंजोरची मुघल बाग असे दोन पर्याय होते. मुलांना विचारलं तर उत्तर एकच: किल्ला.

दुसऱ्यांदा जायचं तर पुन्हा तिकीट, आणि पुन्हा पहिल्या दारापासून. झोक्यांकडे थेट जाण्याची वाट नाही. हे मुलांना आधी सांगून ठेवावं, नाही तर धबधब्यापाशी 'झोका कधी' सुरू होतं. पण दुसरी फेरी वेगळीच होते. मोठी माणसं निवांत असतात, कुठे निसरडं आहे, कुठे गर्दी अडते ते ठाऊक असतं. मुलं आता वाटाडे झालेली असतात. काल जे दिसलं नाही ते दिसतं: माठांच्या भिंतीत एका माठात चिमणीचं घरटं, पुतळ्यांच्या शेवटच्या रांगेत एकटाच पाठ करून उभा असलेला एक जण. फोटो या फेरीत काढावेत, आणि मोबाइल मुलाच्या छातीच्या उंचीवर धरून. वरून काढलेल्या फोटोत पुतळे बुटके दिसतात. त्या उंचीवरून काढले की बरोबरीचे दिसतात.

दुपारी दोनचा सुमार, रविवार, गर्दी. पहिल्या टप्प्यातल्या एका बुटक्या दारापाशी ओघ अडला होता. कारण बघायला पुढे गेलो तर चार वर्षांची आमची पोरगी दाराच्या आतल्या बाजूला कडेला उभी होती, आणि आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला कपाळावर हात ठेवून दाखवत होती, "सिर बचाओ जी." लुधियान्याचं एक बारा-पंधरा जणांचं कुटुंब एकेक करून वाकत होतं. त्यांच्यातल्या आजी सर्वांत शेवटी आल्या. त्यांची उंची अशी की वाकायची गरज नव्हती. तरी त्या थांबल्या, तिच्याकडे बघून नीट कमरेतून वाकल्या आणि आत आल्या.